छत्तीसातला एक दात

त्रिलोकेकरांची फियाट, चौसष्ट सालची, रंग शेवाळी,
टाकीच्या तळाशी वाटीभर गंज,
तीन आठवडे आमच्या माझगावच्या गॅरेजात बॉनेट उघडून उभी.
कार्ब्युरेटर काढून मी बाकावर ठेवला
तेव्हा बाबा काही बोलले नाहीत.
त्याच्या तोंडावर फडकं तेवढं टाकलं.

चाळीस वर्षं दर सहा महिन्यांनी तीच रड:
चोक ओढून ओढून मनगट दुखतं,
मे महिन्यात पेडर रोडच्या चढावर
पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते.
मग त्रिलोकेकरबाई ओला पंचा घेऊन उतरायच्या,
पंपावर घालायच्या, आणि मागचे हॉर्न ऐकत
साडीचा पदर सांभाळत उभ्या राहायच्या.

बाबा जेट काढायचे, तोंडानं फुंकायचे,
पेट्रोल थुंकायचे,
मान तिरकी करून स्क्रू पाव आटा मागे,
पाव आटा पुढे, परत थोडा मागे.
किती पेट्रोल सोडलंत, कुणी विचारलंच, तर
‘तिला पुरेल एवढं.’
सगळं अंदाजपंचे दाहोदरसे
आणि तरी ती दोनदा गोव्याला जाऊन आली.

आता अंदाज नाही.
कुर्ल्याच्या भंगारातून आणलेली
कुठल्याशा जपानी गाडीची थ्रॉटल बॉडी,
तिच्या डोक्यावर एकच इंजेक्टर,
टाकीत बुडवलेला पंप, दाब सोसणारा नवा पाइप,
आणि एक परतीची नळी,
नको असलेलं पेट्रोल मुकाट्यानं टाकीत नेऊन सोडणारी.
एक्झॉस्टमध्ये सेन्सर नाक खुपसून बसलाय.
धूर हुंगतो, सांगतो: जास्त झालं, आवर.

क्रँकच्या पुलीवर ग्लेननं दातेरी चाक चढवलं.
छत्तीस दातांचं. एक मुद्दाम पाडलेला.
फिरता फिरता जिथे दात लागत नाही
तिथून कॉम्प्युटर ओळखतो
फेरा कुठे सुरू झाला ते.
हे बाबांना समजावताना मला ओरडावं लागलं.
डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, उजवा निघालाय.
ते हसले. त्यांचाही वरचा एक दात नाही.
‘म्हणजे नसलेल्यावरून मोजतो,’ म्हणाले.
कौतुक होतं की कुचेष्टा, कळलं नाही.

रविवारी त्रिलोकेकर आले, एकटेच.
आता एकटेच येतात.
सीटवर बसले आणि सवयीनं चोक ओढला.
ती मूठ मी ठेवलीय डॅशबोर्डावर,
मागे वायर नाही, कशालाच जोडलेली नाही.
त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.
किल्ली फिरवली,
आणि पहिल्याच सेल्फला,
खोकला नाही, धक्का नाही, काळा धूर नाही.
ग्लेननं लॅपटॉपवरून अंगठा दाखवला.
त्रिलोकेकर स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून
गप्प बसून राहिले.

बाबा दोन मिनिटं वाट बघत होते.
मग मला म्हणाले,
‘चालू कधी करणार?’

कुणी हसलं नाही.
मी त्यांचा हात धरून फेंडरवर टेकवला.
त्यांनी तो काढून घेतला,
खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक इंजिनच्या डोक्यावर,
मूठ दातांत घट्ट,
डोळे मिटलेले.
जबड्याच्या हाडातून
ते बराच वेळ ऐकत राहिले.

‘तीन नंबरचा टॅपेट सैल आहे.’

ग्लेन म्हणाला, ग्राफ एकदम सरळ आहे, अंकल.
पुन्हा बघून म्हणाला,
पण टॅपेट याला दिसत नाही.

मी इंजिन बंद केलं.
टॅपेट गार इंजिनावर बघायचा असतो,
तास दीड तास तरी थांबावं लागेल.
त्रिलोकेकर म्हणाले, मला कुठे जायचंय.
चार चहा सांगितले.
बाबांनी बाकाजवळ स्टूल ओढलं,
फडकं बाजूला केलं,
आणि रॉकेलच्या डब्यात
कार्ब्युरेटर धुवायला घेतला.